वाटाड्या कुत्र्याचे माहेर

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, अशी म्हण मराठी माणसाच्या तोंडी वारंवार येते. शेपटापुरती ती खरी असेलही. परंतु ज्या कोणी ती प्रचारात आणली त्याने शेपटाकडे फार आणि कुत्र्याच्या मनाकडे थोडे कमी लक्ष दिले असावे. वस्तुतः आपल्या परंपरेत कुत्र्याचा पक्ष घेणारे पुष्कळ आहेत. दत्तात्रेयाच्या पायाशी चार कुत्री असतात, खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा धावत असतो, आणि भाकरी पळवून नेणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव तर लहान मुलांनाही ठाऊक असतात. कॅथलिकांच्या बायबलात तोबिताचा ग्रंथ आहे. तोबित हा अंध झालेला वृद्ध गृहस्थ. त्याचा मुलगा देवदूताच्या सोबतीने दूरदेशी निघतो, तेव्हा घरचा कुत्रा त्यांच्यामागोमाग चालू लागतो आणि परततानाही बरोबर असतो. ग्रंथकाराने त्या कुत्र्याला काहीही काम दिलेले नाही. आंधळ्याच्या घरी कुत्रा होता, एवढेच तो सांगतो. त्या कुत्र्याच्या गळ्यातील दोरी म्हाताऱ्या तोबिताच्या हाती देऊन पाहावी, ही कल्पना शास्त्रशुद्ध रीतीने अमलात येण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

तत्पूर्वी कुत्रा धरून हिंडणारे आंधळे युरोपच्या रस्त्यांवर नव्हते असे नाही. व्हिएन्ना येथील अंधशाळेचे संस्थापक योहान विल्हेल्म क्लाइन यांनी १८१९ मध्ये आपल्या पुस्तकात अशा कुत्र्याला कसे शिकवावे याची रीतही दिली होती. तथापि ती पुस्तकातच राहिली. पहिल्या महायुद्धात विषारी वायूने व तोफगोळ्यांनी हजारो जवानांची दृष्टी गेली, तेव्हा जर्मनीतील डॉ. गेऱ्हार्ड श्टालिंग यांनी १९१६ मध्ये ओल्डेनबुर्ग येथे वाटाड्या कुत्र्यांची पहिली शाळा काढली. पुढे १९२३ मध्ये पोट्सडाम येथे दुसरी मोठी शाळा निघाली. स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या डोरोथी हॅरिसन यूस्टिस या अमेरिकन बाई स्वतः जातिवंत शेफर्ड कुत्र्यांची पैदास करीत असत. त्यांनी पोट्सडामची शाळा पाहिली आणि जे पाहिले त्यावर एक लेख लिहून तो अमेरिकेतील एका साप्ताहिकात ५ नोव्हेंबर १९२७ रोजी प्रसिद्ध केला.

तो लेख टेनेसी राज्यातील नॅशव्हिल गावी मॉरिस फ्रँक नावाच्या तरुणाला वाचून दाखविण्यात आला. त्याचा एक डोळा सहाव्या वर्षी झाडाची फांदी लागून गेला होता, दुसरा सोळाव्या वर्षी मुष्टियुद्धात. विम्याचे काम करून तो शिकत होता. परंतु चार पावले टाकायची तरी कोणाचा तरी हात धरावा लागे, याची त्याला चीड होती. त्याने बाईंना पत्र धाडले. बाईंनी त्याला बोलावून घेतले. १९२८ च्या वसंतात तो बोटीने युरोपला गेला तो जवळजवळ टपालातील पार्सलासारखा, एकाने दुसऱ्याच्या ताब्यात देत. परतला तो मात्र बडी नावाच्या शेफर्ड कुत्रीचा पट्टा हाती घेऊन. न्यूयॉर्क बंदरात उतरल्यावर वार्ताहरांनी त्याला डिवचले की, हा समोरचा वेस्ट स्ट्रीट ओलांडून दाखव. मालमोटारींनी गजबजलेला तो रस्ता बडीने त्याला पार करून दिला, आणि त्याने स्वित्झर्लंडला एका शब्दाची तार केली: यश. १९२९ च्या जानेवारीत नॅशव्हिलमध्ये ‘द सीइंग आय’ ही संस्था स्थापन झाली. पुढे ती न्यू जर्सी राज्यात गेली व आजही तेथे आहे. इंग्लंडमध्ये १९३१ साली मुरिएल क्रूक व रोझमंड बाँड या दोन बायकांनी वॉलसी येथे पहिल्या चार कुत्र्या तयार करवून घेतल्या.

येथवरची कथा बऱ्याच जणांनी वाचलेली असेल. ती सांगताना बडीचे कौतुक होते, मॉरिसच्या धैर्याचे होते, शिक्षकाच्या कसबाचेही होते. परंतु या सर्वांच्या मागे एक घर उभे असते आणि त्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. ते घर का लागते हे उमजण्यापूर्वी, वाटाड्या कुत्रा नेमके काय करतो, याविषयीचा एक गोड गैरसमज दूर केला पाहिजे.

लोकांना वाटते की, धन्याने ‘मला टपालकचेरीत ने’ म्हणावे आणि कुत्र्याने न्यावे. तसे काही घडत नाही. कोठे जायचे, किती गल्ल्या सोडून कोठे वळायचे, हे धन्याच्या डोक्यात असते. रस्त्यावरील लाल-हिरव्या दिव्यांचा अर्थही कुत्र्याला कळत नाही. वाहनांच्या आवाजावरून रहदारीची दिशा ओळखून ‘पुढे चल’ म्हणणे हे माणसाचे काम. कुत्र्याचे काम असे की, पदपथाची कड आली की थांबावे. वाटेत खड्डा, खांब, उभी सायकल आली तर ती चुकवून जावे. आणि चुकवताना आपल्या एकट्याच्या अंगापुरती नव्हे, तर शेजारी चालणाऱ्या माणसाच्या रुंदीला आणि उंचीला पुरेल एवढी जागा आहे की नाही ते पाहावे. दोनेक फूट उंचीवरून चालणाऱ्या प्राण्याने माणसाच्या कपाळाला लागेल अशी लोंबती फांदी ध्यानात ठेवायची, ही किती अवघड गोष्ट आहे! त्याच्या अंगावर जो चामडी साज असतो त्याला वर ताठ मूठ असते. त्या मुठीतून कुत्र्याची प्रत्येक हालचाल, थांबणे, कलणे, धन्याच्या तळहाताला कळते.

सर्वांत कठीण पाठ अखेरचा. धनी ‘पुढे चल’ म्हणतो. त्याला मोटार ऐकू आलेली नसते. कुत्र्याला ती दिसते. अशा वेळी कुत्र्याने आज्ञा मोडायची. या शाळांत त्याला ‘शहाणी अवज्ञा’ अशा अर्थाचे नाव आहे. शंभर वेळा आज्ञा पाळायला शिकविलेल्या प्राण्याने एकशेएकाव्या वेळी स्वतःच्या जबाबदारीवर नकार द्यायचा. भित्र्या कुत्र्याला हे जमत नाही, कारण तो सगळ्यालाच भितो आणि मग त्याच्या थांबण्याला काही अर्थ उरत नाही. दंडुक्याच्या धाकात वाढलेल्यालाही जमत नाही, कारण त्याला मोटारीपेक्षा धन्याची भीती अधिक. या कामाला जगाविषयी निःशंक आणि माणसाविषयी विश्वासू असे मन लागते. आणि असे मन शाळेत तयार होत नाही, हे शाळांना फार उशिरा कळले.

ते कसे कळले, ही हकीकत कॅलिफोर्नियातील आहे. दुसऱ्या महायुद्धात अंध होऊन परतणाऱ्या सैनिकांसाठी १९४२ मध्ये लॉस गॅटोस या गावी ‘गाइड डॉग्ज फॉर द ब्लाइंड’ ही संस्था निघाली. पाच वर्षांनी ती सान राफाएल येथे गेली. तेथे शिकून तयार झालेल्या पहिल्या कुत्र्यांपैकी एक होती ब्लाँडी. ती काही राजघराण्यातली नव्हे. पॅसाडीना शहराच्या कुत्र्यांच्या कोंडवाड्यातून सोडवून आणलेली शेफर्ड. लिओनार्ड फोक नावाच्या सार्जंटला ती मिळाली आणि त्या शाळेतून बाहेर पडलेला तो पहिला सैनिक ठरला. परंतु ब्लाँडीसारखी दरवेळी सापडत नसे. १९४६ च्या सुमाराचा त्या शाळेचा हिशेब असा की, शिकवायला घेतलेल्या शंभर कुत्र्यांतून जेमतेम नऊ कामास उतरत. उरलेल्या एक्क्याण्णवांवर खर्च झालेले कष्ट वाया. तिकडे अंध सैनिक रांगेत थांबलेले.

क्लॅरेन्स फाफेनबर्गर नावाचे गृहस्थ या शाळेला मदत करीत. ते व्यवसायाने शास्त्रज्ञ नव्हते. कुत्र्यांची आवड असलेले, युद्धकाळात लष्करासाठी कुत्री मिळवून देण्याच्या कामात स्वेच्छेने पडलेले. एवढी कुत्री नापास का होतात, या प्रश्नाने त्यांची पाठ सोडली नाही. अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, मेन राज्यातील बार हार्बर येथे, जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर हे दोन शास्त्रज्ञ पिलांच्या वाढीचा अभ्यास करीत होते. फाफेनबर्गर यांनी त्यांचा सल्ला घेतला. मग सान राफाएलच्या शाळेत आठव्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिलांच्या कसोट्या घेण्यास प्रारंभ झाला आणि पैदाशीसाठी नरमादी निवडताना त्या कसोट्यांचा आधार घेतला जाऊ लागला. फेकलेली वस्तू उचलून माणसाकडे आणून देण्याची कसोटी त्यांत विशेष महत्त्वाची ठरली. जे पिलू आपखुशीने वस्तू परत आणून देते, त्याला माणसासाठी काम करण्यात गोडी आहे, असे अनुमान काढीत.

परिणाम चांगला झाला. पण एक कोडे उरले. सर्व कसोट्यांत उत्तम उतरलेली काही पिले पुढे शाळेत सपशेल नापास होत. रक्त तेच, आईबाप तेच, खाणेपिणे तेच. नोंदवह्या उलटून पाहता उत्तर सापडले, आणि ते इतके साधे होते की, कोणालाही लाज वाटावी. कसोट्या संपल्या की पिलांना लोकांच्या घरी वाढवायला देत. ज्यांना लगेच घर मिळाले ती आठवड्याच्या आत जात. ज्यांच्यासाठी घर रिकामे नसे ती कुत्रेखान्यातच पडून राहात. आठवड्याच्या आत घरी गेलेल्या पिलांपैकी शेकडा नव्वदांच्या आसपास पुढे वाटाडे झाले. तीन आठवड्यांहून अधिक काळ कुत्रेखान्यात राहिलेल्यांपैकी शेकडा तीसच. ती अशक्त नव्हती, मठ्ठ नव्हती. पाठ शिकत. परंतु स्वतः निर्णय घेण्याची वेळ आली की कच खात. फाफेनबर्गर आणि स्कॉट यांनी हे आकडे १९५९ मध्ये प्रसिद्ध केले; तोवर शाळेचे यश शेकडा नवावरून नव्वदीला पोहोचले होते.

१९६१ मध्ये बार हार्बरच्याच शास्त्रज्ञांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंच कुंपणाच्या शेतात पिलांना त्यांच्या आयांबरोबर माणसाच्या दृष्टीआड वाढविले आणि निरनिराळ्या वयांत त्यांतील काहींना एकेक आठवडा माणसांत आणून खेळविले. चौदा आठवडे ज्यांना माणसाचा स्पर्शच झाला नाही ती पिले रानटी जनावरासारखी झाली. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-तेराव्या आठवड्यापर्यंत पिलाच्या मनाचे दार उघडे असते. त्या काळात जे आत आले ते आपले. नंतर आलेले परके. दार अगदी कडीकुलपाने बंद होत नाही, पण पुढे ते ढकलून उघडावे लागते.

तेव्हा वाटाड्या कुत्र्याचा पाया कोणा पंतोजीच्या छडीखाली नव्हे, तर एखाद्या कुटुंबाच्या ओसरीवर घातला जातो. न्यू जर्सीच्या संस्थेने १९४२ पासूनच पिले शेतकरी कुटुंबांतील मुलांकडे, ‘फोर-एच’ नावाच्या त्यांच्या मंडळांमार्फत, वाढवायला देण्याचा प्रघात पाडला होता. इंग्लंडच्या संस्थेने तो १९५६ मध्ये स्वीकारला. या कुटुंबांना वेतन नसते. औषधपाण्याचा खर्च बहुधा संस्था सोसते. बाकी सकाळी थंडीत उठणे, कुरतडलेली चप्पल आणि ओली झालेली सतरंजी ही कुटुंबाची.

पिलू साधारण आठ आठवड्यांचे झाले की घरी येते. त्याचे नाव संस्थेने ठेवलेले असते. पुष्कळ ठिकाणी एका वेतातील सगळ्या भावंडांची नावे एकाच अक्षरापासून ठेवतात. घरी आल्यावर वर्षभर जे शिक्षण चालते, त्यात ‘वाट दाखविणे’ हा विषयच नसतो. तो पुढे शाळेत. घराने शिकवायचे ते निराळे. जगात ज्या ज्या गोष्टी असतात त्या सर्व त्याला एकेक करून, घाई न करता, दाखवायच्या. बाजाराचा गलका, आगगाडीची शिटी, लोखंडी जाळीचा पूल, छत्री उघडण्याचा आवाज, कुबडीवर चालणारा म्हातारा, रडणारे मूल, प्रार्थनामंदिरातली शांतता. यातील एकही गोष्ट अंगावर घालायची नाही. पिलू दचकले तर ओढून पुढे नेण्याऐवजी अंतर ठेवून उभे राहायचे आणि ते आपण होऊन मान वळवीपर्यंत थांबायचे. एका दुपारी एकच पूल, तोही अर्धाच ओलांडून परत. अधीर माणसाला हे काम देऊ नये.

काही नियम प्रथम ऐकताना विचित्र वाटतात. सामान्य कुत्र्याला धन्याच्या टाचेशी चालायला शिकवितात. या पिलाला मात्र किंचित पुढे, दोरी हलकेच ताणून चालू द्यायचे, कारण उद्या ज्याला पुढे होऊन माणसाला न्यायचे आहे त्याला मागे रेंगाळण्याची सवय कशी लावावी? जेवणाच्या पानाशेजारी घुटमळू द्यायचे नाही, एक तुकडाही टाकायचा नाही. भोजनगृहात अंध धन्याच्या पायाशी तासभर निमूट पडून राहायचे असते. चेंडू फेकून धावायला लावण्याचा खेळ पुष्कळ संस्था वर्ज्य मानतात. पिलाच्या कसोटीत वस्तू आणून देणे गुणाचे आणि घरी तोच खेळ अवगुणाचा, यात विसंगती दिसते खरी. परंतु रस्त्याने जाताना कोणा मुलाचा चेंडू घरंगळला आणि कुत्रा त्यामागे झेपावला, तर मुठीला धरलेला माणूस कोठे जाईल हे डोळ्यांपुढे आणले म्हणजे कोडे सुटते. देहधर्मसुद्धा सांगितल्या जागी, सांगितल्या वेळी उरकायला शिकवितात. पिलू बसले की तोच एक ठरावीक शब्द उच्चारायचा, रोज, महिनोन्‌महिने; मग पुढे तो शब्द ऐकताच ते मोकळे होते. यात हसण्यासारखे काही नाही. ज्याला दिसत नाही त्याने कुत्र्यामागची घाण रस्त्यावर शोधावी कशी, याचा विचार ज्याने प्रथम केला तो मोठा व्यवहारी आणि दयाळू माणूस असला पाहिजे.

शिकविण्याच्या रीतीतही पालट झाला आहे. पूर्वी गळ्यातील साखळीला हिसका देऊन चूक दाखवीत. आता बरोबर वागण्याच्या क्षणी शाबासकी आणि खाऊचा कण देण्यावर भर असतो. क्षण हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा. पिलू बसले आणि बसल्याबरोबर खाऊ मिळाला तर बसण्याबद्दल मिळाला. खिसा चाचपण्यात वेळ गेला आणि तोवर पिलू उठले, तर उठण्याबद्दल मिळाला. शिवाय घरातील चौघांनी चार शब्द वापरायचे नाहीत. आजीने ‘खाली बस रे बाळा’, मुलाने ‘बैस’ आणि वडिलांनी नुसते हूं म्हटले तर पिलू बिचारे कोणाचे ऐकणार? म्हणून या संस्थांतील अनुभवी माणसे सांगतात की, वर्षभरात पिलापेक्षा घरच्या माणसांनाच अधिक शिस्त लागते. प्राण्यावर नुसते प्रेम असणे या कामाला पुरत नाही. लाडाने नासलेले पिलू हे भीतीने नासलेल्या पिलाइतकेच निरुपयोगी ठरते.

हे काम करणारे सगळेच घरंदाज, सुखवस्तू असतात असे नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात गिग हार्बरजवळ बायकांचा तुरुंग आहे. तेथे १९८१ मध्ये पॉलीन क्विन नावाच्या स्त्रीने, पशुवैद्यकाचे प्राध्यापक डॉ. लिओ बुस्टाड यांच्या साहाय्याने, कैदी बायकांकडून कुत्री तयार करवून घेण्याचा उपक्रम सुरू केला. पॉलीनचे स्वतःचे बालपण फार होरपळलेले होते. संस्थांच्या चार भिंतींत, पळापळीत गेलेले. एका कुत्रीच्या संगतीने आपण माणसांत आलो, असे ती सांगे. पुढे तिने डोमिनिकन संघाची जोगीण होऊन सिस्टर पॉलीन हे नाव मिरविले. तिच्या योजनेत कुत्री कोंडवाड्यांतून, निवाऱ्यांतून आणलेली. कोणालाच नको असलेली. शिकविणाऱ्या बायकाही तशाच. त्यांच्यापाशी एक गोष्ट मात्र बाहेरच्या कोणापाशी नसते तेवढी होती, ती म्हणजे वेळ. दिवा लावणे, पडलेली वस्तू उचलून देणे, दार ओढून उघडणे असली कामे चाकांच्या खुर्चीत बसलेल्या अपंगांसाठी ही कुत्री शिकू लागली. जिच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवीत नाही तिच्या शब्दासरशी एक प्राणी उठतो, बसतो आणि तिच्याकडे पाहून शेपूट हलवितो, याचा त्या बाईच्या मनावर काय परिणाम होत असेल? हा उपक्रम पुढे अनेक तुरुंगांनी उचलला. तुरुंगाधिकाऱ्यांच्या भूतदयेनेच तो टिकला असे मानण्याचे कारण नाही. ज्या खोलीत कुत्रा असतो तेथे भांडणे कमी होतात, हेही त्यांनी पाहिले असणार.

निवाऱ्यातील सामान्य कुत्र्यांसाठी स्वयंसेवक जे करतात ते याहून साधे आहे, पण मोलाने कमी नाही. पिंजऱ्यातील कुत्रा माणूस दिसताच उड्या मारतो, भुंकतो. घर शोधायला आलेला गृहस्थ घाबरून पुढे सरकतो. कुत्रा मागे राहतो, आणि कोंडून राहिल्याने अधिकच बेफाम होतो. स्वयंसेवक रोज येऊन एवढेच करतो की, चारी पाय जमिनीवर टेकल्याखेरीज दाराची कडी काढीत नाही. आठवड्याभरात कुत्रा बसून वाट पाहू लागतो. त्या बसण्यावर त्याचे घर, कित्येक देशांत तर त्याचा जीव, अवलंबून असतो. सान फ्रान्सिस्कोच्या प्राणिरक्षक संस्थेने १९७८ मध्ये निवाऱ्यांतील चपळ, चौकस कुत्री निवडून त्यांना बहिऱ्यांचे कान बनविण्याचा उपक्रम काढला. दाराची घंटी वाजली, चहाचे आधण शिटी देऊ लागले, पाळण्यात मूल रडले की कुत्रा धन्याला नाकाने ढोसतो आणि आवाजाच्या जागी नेतो. आवाज ऐकून गप्प न बसण्याचा जो स्वभाव पिंजऱ्यात खोड ठरला होता, तोच येथे उपयोगी आला.

आपल्या शहरांत वाटाड्या कुत्रा क्वचितच दृष्टीस पडतो. सलग पदपथच जेथे नाही तेथे कडेला थांबण्याचा पाठ गिरवायचा कोठे, हा प्रश्न आहेच. परंतु भटक्या कुत्र्यांचे निवारे आणि त्यांत जाणारी तरुण मुले इंदूर, वडोदरा, पणजी अशा गावांतूनही आढळतात. त्यांना बार हार्बरच्या संशोधनातून घेण्याजोगे पुष्कळ आहे. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा तो हिशेब गावठी पिलालाही तंतोतंत लागू पडतो. एखादे पिलू घरी न्यायचे ठरलेच असेल तर ‘थोडे मोठे होऊ दे, मग पाहू’ म्हणून ते चार महिने पिंजऱ्यात ठेवू नये. आणि अशा ठिकाणी हात घालण्यापूर्वी स्वयंसेवकाने स्वतः रेबीजची प्रतिबंधक लस टोचून घ्यावी; चावल्यावर घ्यायची ती निराळी, आणि आधी घेतली असली तरी चावल्यावर डॉक्टरांकडे जाणे चुकत नाही.

आता त्या वर्षभराच्या अखेरीकडे वळले पाहिजे. पिलू चौदा-पंधरा महिन्यांचे होते. अंगाने भरते, घरातील प्रत्येकाच्या पावलांचा आवाज ओळखू लागते. आणि एक दिवस संस्थेचे पत्र येते. ज्या मुलाने त्याला बाटलीएवढे असताना मांडीवर घेतलेले असते, तो आता मिसरूड फुटायच्या बेतात असतो. पहिल्या दिवसापासून त्याला ठाऊक असते की हे आपले नव्हे; पण ठाऊक असणे आणि गाडीचे दार लावणे यांत अंतर आहे. मराठी घरातील मुलीच्या पाठवणीची आठवण येथे कोणालाही व्हावी. फरक इतकाच की, लेक माहेरी येत-जात राहते. या कुत्र्याने माहेरची वाट विसरलेलीच बरी. रस्त्यात जुन्या घरचे माणूस दिसले म्हणून तो धन्यासह भलतीकडे वळला तर चालणार नाही.

शाळेत पुढे काही महिने शिक्षक त्याला साज चढवून खरे काम शिकवितो. तेथे तो नापास झाला तर आधी विचारतात ते ज्या कुटुंबाने वाढविले त्यालाच: ठेवून घेता का? बहुतेक घरे आनंदाने हो म्हणतात. आणि तो आनंद पूर्ण निर्भेळ नसतो, कारण वर्षाची मेहनत ज्या अंध माणसासाठी होती त्याची रांग एकाने वाढलेली असते. पास झाला तर त्याची चाल, त्याचा वेग, त्याची ओढ पाहून जुळणारा धनी निवडतात. सावकाश चालणाऱ्या वृद्धेला दौडणारा कुत्रा देत नाहीत. मग धनी आणि कुत्रा दोघे मिळून काही आठवडे शाळेतच राहून एकमेकांना शिकतात. सान राफाएलची शाळा या सर्वाचे एका पैशाचेही शुल्क अंधाकडून घेत नाही.

त्या शिक्षणक्रमाच्या समाप्तीला तेथे एक छोटा समारंभ करतात. ज्या कुटुंबाने पिलू वाढविले त्याला बोलावणे जाते. कित्येक महिन्यांनी कुत्रा त्यांना भेटतो. त्या वेळची त्याची तारांबळ पाहून सभागृहात हशा पिकतो. नंतर नाव पुकारतात. पंधरा-सोळा वर्षांचा एखादा मुलगा दोरी धरून व्यासपीठावर येतो. समोर अंध माणूस उभा असतो. तो आवाजाच्या दिशेने हात पुढे करतो. मुलाला दोन शब्द बोलायला सांगतात. पुष्कळांना ते बोलवत नाहीत. मग तो दोरीचे टोक त्या पुढे आलेल्या हातात ठेवतो, कुत्रा एकदा मुलाकडे आणि एकदा नव्या धन्याकडे पाहतो, आणि ‘पुढे चल’ हा शब्द ऐकताच पायऱ्यांच्या कडेशी येऊन थांबतो.